जुन्या फोर बाय फोरचं स्टेअरिंग बिघडलंय? पार्ट बदलायच्या आधी हे तपासा

जुनी फोर बाय फोर ठेवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे भोगावं लागतंच. स्टेअरिंग ढिलं झालंय, गाडी सरळ रस्त्यावर सरळ जात नाही, सारखं डावं-उजवं करत बसावं लागतं, नाहीतर एका ठराविक स्पीडला पुढची चाकं अशी थरथरतात की हातातलं स्टेअरिंग सुटेल असं वाटतं. मग जो तो सल्ला देतो, एक म्हणतो डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा दांडा) टाक, दुसरा म्हणतो स्टेअरिंग बॉक्स गेला, तिसरा म्हणतो अलाइनमेंट करून घे, आणि आपण एकेक करत सगळं बदलत सुटतो. खर्च होतो आणि दोष आहे तिथेच राहतो.

मला एवढंच सांगायचंय की स्टेअरिंगचा दोष पार्ट बदलून शोधायचा नसतो, हालचाल कुठे हरवतेय ते डोळ्याने आणि हाताने बघून शोधायचा असतो. तुम्ही स्टेअरिंग व्हील (पुढे नुसतं 'व्हील' म्हणतोय) फिरवता, ती हालचाल कॉलममधून खाली येते, यूजे (युनिव्हर्सल जॉइंट, कोनातही फिरणारा सांधा) किंवा रबर कपलिंगमधून स्टेअरिंग बॉक्समध्ये (दात्यांच्या पेटीत) जाते, तिथून ड्रॉप आर्म (काही जण पिटमन आर्म म्हणतात), मग ड्रॅग लिंक, मग एका बाजूचा नकल (चाकासोबत वळणारा एक्सलच्या टोकाचा भाग), तिथून टाय रॉडने दुसऱ्या बाजूचा नकल, किंग पिन (ज्या खिळीवर नकल वळतो ती), हब बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं ते) आणि शेवटी टायर. जुन्या सिरीज लँड रोव्हरमध्ये मध्येच एक रिले (हालचाल पुढे देणारा मधला सांधा) बसवलेला असतो, विलीजच्या जुन्या जीपमध्ये बेल क्रँक असतो, म्हणजे झिजायला आणखी एक जागा. या साखळीत कुठेतरी एका ठिकाणी अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा हलत नाही, ती जागा सापडली की काम झालं.

खाली लिहिलंय ते मुख्यतः पुढे सॉलिड एक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर) असलेल्या गाड्यांसाठी, म्हणजे जुन्या जीप, लँड रोव्हर, लँड क्रूझरच्या 60, 70, 80 सिरीज, सुझुकीची जिप्सी, निसानची जुनी पेट्रोल वगैरे. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन असेल तर किंग पिनच्या जागी वरचे-खालचे बॉल जॉइंट आणि जोडीला आयडलर आर्म येतो, बाकी शोधायची पद्धत तीच.

सुरुवात दोष नीट ओळखण्यापासून

"स्टेअरिंग खराब आहे" असं म्हणून काही हाती लागत नाही. गाडी घेऊन एक चक्कर मारा आणि नीट लक्ष द्या. व्हील थोडं फिरवलं तरी गाडी ऐकत नाही, हा झाला प्ले. प्ले फारसा नाही पण गाडी स्वतःच इकडे तिकडे भरकटते, हा वेगळा दोष. एकाच बाजूला ओढते, हा तिसरा. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही, हा चौथा. जड आहे, हा पाचवा, आणि त्यातही सारखं जड आहे की फिरवताना मध्येच जड मध्येच हलकं होतंय हे फार महत्त्वाचं. थरथर असेल तर किती स्पीडला, खड्डा लागल्यावर सुरू होते की आपोआप, ब्रेक मारल्यावर वाढते की कमी होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळं कधीपासून सुरू झालं, कारण लिफ्ट किट (गाडी उंच करणारं सामान) टाकल्यावर, टायर बदलल्यावर किंवा पुढचं काहीतरी उघडल्यावर सुरू झालं असेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे.

मग टायर. कंटाळवाणं आहे पण इथूनच सुरुवात करा. चारही टायरची हवा थंड असताना मोजा, ऑफरोडला हवा कमी केली आणि परत भरायची राहिली तर गाडी भरकटणार आणि स्टेअरिंग जडही होणार. पुढचे दोन टायर एकाच साइजचे आणि सारखे झिजलेले असावेत. हात फिरवून बघा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने फिरवल्यावर करवतीसारखं बोचत असेल तर टो (पुढची दोन चाकं एकमेकांच्या तुलनेत आत-बाहेर किती वळलीत ते) चुकलाय. टायर जागोजाग खळगे पडल्यासारखा झिजला असेल तर बॅलन्स, बेअरिंग किंवा किंग पिनकडे संशय घ्या. साइडवॉलला फुगा असेल तर बाकीचं नंतर, आधी टायर बदला. मड टायर असतील तर थोडं भरकटणं आणि थोडी थरथर त्यांच्या स्वभावातच असते, हेही लक्षात ठेवा, नाहीतर नसलेला दोष शोधत बसाल.

दोघांनी मिळून करायची टेस्ट

ही टेस्ट मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते आणि हिला एक रुपयाचंही हत्यार लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, चाकं जमिनीवरच राहू द्या, जॅक लावायचा नाही. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलमध्ये. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू, मग फिरणाऱ्या पंख्यापासून, बेल्टपासून हात आणि सैल कपडे लांब. आता एकाला व्हीलवर बसवा आणि त्याला सांगा की व्हील थोडंसंच, प्ले संपून चाकं हलायला लागतील इतपतच, डावीकडे-उजवीकडे सारखं करत रहा. घाई नाही, एकसारखं. तुम्ही खाली.

चाकं जमिनीवर ठेवण्याचं कारण असं की टायरवर वजन असलं की प्रत्येक सांध्यावर खरा जोर येतो. चाक वर उचललं की ते हलकेच फिरतं, आणि झिजलेला जॉइंटसुद्धा चांगला वाटतो.

वरपासून सुरू करा. कॉलमची खालची बुश (सांध्यात बसणारी नळी), मग यूजे. यूजेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या योकवर (फाट्यावर) एकेक बोट ठेवा, दोन्ही एकाच वेळी हलली पाहिजेत. रबर कपलिंग असेल तर त्याच्या बोल्टभोवती चिरा बघा. स्प्लाइनवरचा (शाफ्टच्या दात्यांवरचा) क्लॅम्प बोल्ट ढिला असणं ही गोष्ट वाटते त्यापेक्षा जास्त वेळा सापडते आणि पान्याच्या एका वळणात सुटते.

मग बॉक्स. बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतोय आणि ड्रॉप आर्म कधी हलायला लागतो ते बघा. मध्ये जेवढा फरक पडतो तेवढा प्ले बॉक्समधला. पण त्याआधी बॉक्स स्वतःच हलतोय का ते बघा, हे बरेच जण बघतच नाहीत. बॉक्स आणि चासी यांच्या जोडावर बोट टेकवून ठेवा. बोल्ट ढिले असतील तर जोडावर बारीक हालचाल कळते, आणि वायसरच्या कडेने घासून चकचकीत झालेलं कडं दिसतं, त्याच्या बाजूला लालसर गंजाची पूड साठलेली असते. ती पूड दिसली की समजायचं इथे धातूवर धातू घासतोय. बोल्ट घट्ट असूनही बॉक्स हलत असेल तर चासीला तडा गेलाय का बघा. जुन्या फोर बाय फोरमध्ये, विशेषतः मोठे टायर आणि पॉवर स्टेअरिंग असलेल्या गाडीत, बॉक्सच्या बोल्टांभोवतीची चासी चिरते. माती आणि ग्रीस वायर ब्रशने साफ करा, मगच तडा दिसेल, त्यातून बऱ्याचदा गंजाची बारीक रेघ खाली ओघळलेली असते. असं काही दिसलं तर गाडी तिथेच थांबवा, ते वेल्डिंग आणि प्लेट मारण्याचं काम जाणत्या फॅब्रिकेटरचं आहे, वरून एक टाका मारून भागत नाही.

पुढे ड्रॅग लिंक आणि टाय रॉडचे एंड, म्हणजे टोकाचे गोळ्याचे सांधे. प्रत्येक एंडवर तळहात असा ठेवा की बोटं रॉडवर आणि अंगठा आर्मवर येईल. चांगला एंड नुसता फिरतो, वळतो. खराब एंडमध्ये रॉड आधी थोडा वर उचलला जातो किंवा बाजूला सरकतो, मग आर्म हलतो, आणि अंगठ्याखाली टक असं जाणवतं. डोळ्याला न दिसणारा प्लेसुद्धा हाताला कळतो. रबर बूट फाटलेला असेल आणि आत ग्रीसऐवजी माती असेल तर आज प्ले नसला तरी तो एंड फार दिवस टिकणार नाही. टाय रॉड नुसता पुढे-मागे गोल फिरतो म्हणून तो खराब आहे असं समजू नका, तेवढं फिरणं चालतं.

कॉइल स्प्रिंगच्या गाडीत पॅनहार्ड रॉड असतो, काही लोक ट्रॅक बार म्हणतात, तो एक्सलला बाजूला सरकू देत नाही. त्याच्या दोन्ही टोकांकडे याच टेस्टमध्ये बघा. व्हील फिरवल्यावर एक्सल चासीच्या तुलनेत बाजूला सरकताना दिसला तर बुश गेलीय किंवा बोल्टचं भोक लांबट झालंय. भोक लांबट झालं असेल तर नवीन बुश टाकून उपयोग नाही, बोल्ट कितीही आवळला तरी काही दिवसांत पुन्हा ढिला होणार, ब्रॅकेटच दुरुस्त करावा लागतो. लीफ स्प्रिंगच्या गाडीत हेच काम पाटे करतात, म्हणून तिथे शॅकलच्या (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या दुव्याच्या) बुश, पाट्याच्या पुढच्या डोळ्याची बुश आणि यू-बोल्ट बघायचे. सेंटर बोल्ट तुटला की एक्सल पाट्यावर मागे-पुढे सरकतो, वरवर काही दिसत नाही. त्यासाठी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा, फरक दिसला तर एक्सल तिरका झालाय.

आता चाक उचलून

पुढचा एक्सल उचला आणि खाली घोड्या (ॲक्सल स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली किंवा चाकाशी झटापट करायची नाही, यात काही तडजोड नाही. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळाच्या 12 आणि 6 वर धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर तो हब बेअरिंगचा किंवा किंग पिनचा. ओळखायचं कसं, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर हब आणि नकल एकमेकांना पकडले जातात, त्यामुळे खेळ गायब झाला तर हब बेअरिंग, तसाच राहिला तर किंग पिन. मग चाक 9 आणि 3 वर धरून हलवा, इथे खेळ आला आणि 12-6 ला नसेल तर टाय रॉड एंडकडे परत जा.

हब बेअरिंग बऱ्याच जुन्या गाड्यांत टेपर असतं आणि ते ॲडजस्ट करता येतं, त्यामुळे लगेच नवीन घ्यायला धावू नका. आधी उघडून ग्रीस बघा, रोलरवर आणि कपवर खड्डे किंवा निळसर डाग आहेत का बघा, चांगलं असेल तर साफ करून, ग्रीस भरून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला ठराविक दाब) द्या.

किंग पिनचं बेअरिंग मात्र वेगळं प्रकरण आहे. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणजे ते बेअरिंग वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहून धक्के खातं, आणि रोलरचे ठसे कपवर उमटतात. चाकं सरळ असताना नकल त्या ठशांत बसतो. वरून प्ले काहीच नाही, पण स्टेअरिंग मध्यावर आलं की किंचित अडकल्यासारखं होतं आणि मग सुटतं, त्यामुळे सरळ रस्त्यावर बारीक दुरुस्ती करता येत नाही, एकदम जास्तच वळतं. गाडी भरकटते, सगळे जॉइंट नवे टाकूनही फरक पडत नाही आणि माणूस हैराण होतो. याची खात्री करायला टाय रॉड सोडवून नकल हाताने फिरवून बघायला लागतो. तेव्हाच प्रीलोडही मोजता येतो, स्प्रिंग काटा नकलच्या आर्मला अडकवून ओढायचा आणि नकल हलायला लागला की किती वजन दाखवतोय ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघायचं. कमी असेल तर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून प्रीलोड वाढवतात, जास्त असेल तर शिम घालतात. प्रीलोड गेला की थरथर सुरू होते, हे जिप्सी आणि लँड क्रूझरवाल्यांना चांगलंच माहीत असतं. नकलचा गोळा आणि त्यावरचं सील बघायला विसरू नका, आतलं ग्रीस पातळ होऊन बाहेर येत असेल तर एक्सलचं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये शिरलंय.

जड स्टेअरिंग आणि ड्रॅग लिंक सोडवणं

जड स्टेअरिंगचं कारण शोधायला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे साखळी मधोमध तोडायची. चाकं वर, घोड्यांवर, इंजिन बंद, ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवा. आता व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, अगदी टोकाला जोर न देता, आणि मग खाली जाऊन चाकं हाताने डावीकडे-उजवीकडे वळवा. व्हील जड आणि चाकं मोकळी असतील तर दोष वर, कॉलम किंवा बॉक्समध्ये. चाकं जड असतील तर दोष खाली, कोरडे किंग पिन, जाम झालेला टाय रॉड एंड, रिले असेल तर तो. निम्म्या गाडीवरचा संशय एका नटात मिटतो.

व्हील फिरवताना अर्ध्या-अर्ध्या फेरीला जड-हलकं, जड-हलकं होत असेल तर तो जवळपास हमखास कॉलमचा यूजे. गंजून एका बाजूने जाम झालेला असतो. नुसतं तेल सोडल्यावर तात्पुरता मोकळा होतो, पण आतल्या सुया गंजल्यात म्हणजे तो बदलायचाच.

एंड सोडवताना फाट्याच्या आकाराचा पाचर ठोकला तर बूट फाटतो. चांगला एंड परत वापरायचा असेल तर पुलर वापरा, किंवा नट दोन-तीन आटे सैल करून तसाच ठेवा आणि आर्मच्या डोळ्यावर बाजूने हातोड्याचा नेमका फटका द्या. एंडच्या आट्यांवर नाही, डोळ्याच्या बाजूवर. गॅसने तापवायचं नाही. आणि परत बसवताना स्प्लिट पिन नवी, नायलॉनचा नट असेल तर तोही नवा. कॅसल नटचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवायचा, मागे सोडून नाही.

बॉक्सचा स्क्रू सगळ्यात शेवटी

बॉक्सच्या झाकणावर लॉकनट असलेला एक स्क्रू असतो आणि प्ले दिसला की सगळ्यांचा हात आधी त्याच्याकडेच जातो. कृपा करून तो सगळ्यात शेवटी. बॉक्सचे दाते अशा रीतीने केलेले असतात की मध्यावर सगळ्यात घट्ट बसतात आणि वळल्यावर थोडे मोकळे होतात. म्हणून ॲडजस्टमेंट बॉक्स मध्यावर असतानाच करायची, शक्यतो ड्रॅग लिंक सोडवून. टोकापासून टोकापर्यंत फेऱ्या मोजा, त्याचा मध्य तो बॉक्सचा मध्य, मग लॉकनट सैल करून स्क्रू अगदी थोडा थोडा आत, दर वेळी व्हील मध्यावरून इकडे-तिकडे नेऊन बघायचं. मध्यावर किंचित जास्त विरोध जाणवला की थांबायचं. पुढे आवळलं की प्ले गेल्यासारखा वाटतो, पण स्टेअरिंग वळणानंतर परत येत नाही, गाडी भरकटायला लागते आणि दाते कायमचे खराब होतात. जुन्या बॉक्सचे दाते मध्यावरच जास्त झिजलेले असतात, मध्यावरचा प्ले काढायला गेलं तर वळल्यावर बॉक्स अडकतो, असं झालं की ॲडजस्टमेंट संपली, बॉक्स ओव्हरहॉल करायचा.

आणखी एक, सरळ जाताना व्हील तिरकं राहतं म्हणून व्हील काढून स्प्लाइनवर दुसऱ्या ठिकाणी बसवणारे खूप आहेत. असं केलं की दिसायला सरळ होतं, पण सरळ चालताना बॉक्स त्याच्या मध्यावर नसतो, म्हणजे कायम त्याच्या मोकळ्या भागात चालतो. व्हील सरळ करायचं ते ड्रॅग लिंकची लांबी ॲडजस्ट करून.

थरथर आणि वॉबल

चाकांच्या बॅलन्सची थरथर एका ठराविक स्पीडला येते आणि स्पीड वाढवला की बऱ्याचदा कमी होते. वॉबल वेगळा. एखादा खड्डा किंवा जोड लागतो आणि पुढचा अख्खा एक्सल डावीकडे-उजवीकडे झटके द्यायला लागतो, गाडी हळू होईपर्यंत थांबत नाही. तसं झालं तर व्हील घट्ट धरा पण त्याच्याशी भांडू नका, ब्रेक दणकन मारू नका, ॲक्सिलरेटर सोडून गाडीचा वेग हळूहळू कमी करा. नंतर ती तशीच चालवत राहू नका.

वॉबलला कारण क्वचितच एक असतं. पॅनहार्ड रॉडचा ढिला बोल्ट किंवा लांबट भोक, किंग पिनचा गेलेला प्रीलोड, ढिलं हब बेअरिंग, झिजलेला एंड, कमी झालेला कॅस्टर (किंग पिनचा मागे झुकलेला कोन), यातले दोन-तीन थोडे थोडे जमले की टायरचा बिघडलेला बॅलन्स फक्त ठिणगी टाकतो. बॅलन्स केला की महिनाभर बरं वाटतं कारण ठिणगी गेली. स्टेअरिंग डॅम्परचंही तेच, नवीन डॅम्पर टाकला की वॉबल दबतो, जात नाही, आणि खालचा ढिला बोल्ट आणखी ढिला होत राहतो. म्हणून मी तर म्हणेन की तपासणी करताना डॅम्पर काढून ठेवा, तेवढ्या वेळेपुरता, आणि गाडी उभी असताना. डॅम्पर नसला की प्ले लपत नाही. डॅम्पर हाताने ओढून-दाबून बघा, दोन्हीकडे सारखा विरोध हवा, मध्येच मोकळा वाटला किंवा तेल गळत असेल तर बदलायचा आहेच, पण बाकी सगळं झाल्यावर.

ओढणं, भरकटणं, परत न येणं

एका बाजूला ओढत असेल तर पुढचे टायर डावा-उजवा अदलाबदल करा (टायर एकाच दिशेने फिरणारे नसतील तर). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये. नाही गेली तर थोडं चालवून, शक्यतो ब्रेक न मारता थांबवून, दोन्ही पुढच्या रिमजवळ हात नेऊन बघा, एक चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. हात जवळ न्या, डिस्कला किंवा ड्रमला लावू नका. फक्त ब्रेक मारल्यावर ओढत असेल तर अर्थातच ब्रेक, स्टेअरिंगला हात लावू नका.

ॲक्सिलरेटर दिला की एकीकडे आणि सोडला की दुसरीकडे, असं होत असेल तर मागे बघा. मागच्या पाट्यांच्या बुश, यू-बोल्ट किंवा कॉइलच्या गाडीत ट्रेलिंग आर्मच्या बुश गेल्या की मागचा एक्सलच थोडा वळतो आणि आपण पुढे स्टेअरिंग शोधत बसतो. हा दोष पुढचं कितीही केलं तरी जात नाही.

वळणानंतर व्हील परत येत नाही आणि सरळ रस्त्यावर गाडी हलकी, तरंगल्यासारखी वाटते, तर कॅस्टर. किंग पिनची रेघ वरून मागे झुकलेली असते त्या कोनामुळे चाक सरळ येतं. कॉइल स्प्रिंग आणि रेडियस आर्मच्या गाडीला लिफ्ट किट टाकलं की एक्सल थोडा पुढे फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. डिफेंडरसारख्या गाडीत मुळातच तो 3 डिग्री असतो, त्यातून दोन गेले तर काय उरलं. उपाय म्हणजे कॅस्टर करेक्शनच्या बुश किंवा आर्म, लीफ स्प्रिंगच्या गाडीत पाटा आणि एक्सलमध्ये डिग्रीची पाचर. पण कॅस्टर ठीक असूनही परत येत नसेल तर आवळलेला बॉक्स, कोरडे किंग पिन किंवा जाम यूजे, म्हणजे परत ड्रॅग लिंक सोडवायची टेस्ट.

लिफ्टनंतर खड्ड्यात व्हील आपोआप हिसका मारतं तेही बघा. समोरून बघितल्यावर ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड जवळपास समांतर दिसले पाहिजेत. एक तिरका, एक आडवा असेल तर एक्सल वर-खाली झाला की तो स्वतःच चाक वळवणार, यात झिजलेलं काहीच नसतं, भूमिती चुकलेली असते.

फोर बाय फोरचे स्वतःचे दोष

पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह कडक रस्त्यावर लावलेली राहिली तर वळताना स्टेअरिंग जड होतं आणि गाडी अडकल्यासारखी होते, कारण पुढचे-मागचे एक्सल वेगवेगळं अंतर कापतात आणि मध्ये ते फेडायला डिफरन्शियल नसतं. लिव्हर टू व्हीलवर आणली तरी कधीकधी सुटत नाही, मग थोडं रिव्हर्स घ्यायचं. लिव्हर टू व्हीलवर असूनही जड असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) खरंच सुटतोय का तपासा. लॉकिंग हबही (पुढची चाकं शाफ्टला जोडणारे-सोडणारे) बघा, दोन्ही एकाच स्थितीत हवेत. चाकं उचलून, टू व्हीलमध्ये, हब फ्री करून चाक फिरवा, आतला शाफ्ट फिरता कामा नये.

पूर्ण वळणावर, फोर व्हील लावून, टक-टक-टक आवाज येत असेल तर पुढच्या एक्सलचा सीव्ही जॉइंट (वळणातही एकसारखी गती देणारा सांधा). जुन्या जीपसारख्या गाडीत तिथे साधा यूजे असतो, त्यात पूर्ण वळणावर व्हीलला थोडे हिसके बसणं त्याच्या रचनेतच आहे.

पॉवर स्टेअरिंग असेल तर

दोन्हीकडे सारखं जड असेल तर आधी तेलाची पातळी, मग बेल्ट, मग पंप. एकाच बाजूला जड असेल तर बॉक्सच्या आतला व्हॉल्व्ह किंवा सील. तेलात फेस आणि घूं-घूं आवाज म्हणजे हवा शिरलीय, पंपाकडे येणाऱ्या नळीचे क्लॅम्प बघा. हवा काढायला पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवून व्हील टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवत रहा, पातळी भरत रहा, बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू. टोकाला व्हील दाबून धरून ठेवू नका, तेल फार लवकर तापतं. बऱ्याच जुन्या गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं पण सगळ्यांना नाही, मॅन्युअल बघून भरा.

ड्रॉप आर्मच्या वर सीलमधून तेल गळत असेल आणि नवीन सील टाकूनही थोड्याच दिवसांत परत गळत असेल तर सीलचा दोष नाही. आर्म धरून वर-खाली आणि बाजूला हलवून बघा, शाफ्टची बुश किंवा बेअरिंग झिजलंय आणि शाफ्ट डुलतोय, त्यापुढे कुठलंच सील टिकणार नाही.

टो घरी मोजता येतो. चाक उचलून फिरवत टायरच्या मधोमध खडूचा पट्टा मारा, त्यात खिळ्याने बारीक रेघ ओढा, दोन्ही चाकांना. गाडी खाली घ्या, थोडी पुढे ढकला म्हणजे सस्पेन्शन बसेल, आणि दोन रेघांमधलं अंतर एक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजा. पुढे कमी असेल तर टो-इन. किती हवा ते गाडीवर अवलंबून, पार्ट-टाइम सिरीज लँड रोव्हरला थोडा टो-इन लागतो तर पर्मनंट फोर व्हीलवाल्या डिफेंडरला 0 ते 2 मिमी टो-आउट, त्यामुळे ऐकीव आकडा लावू नका. टाय रॉडचे क्लॅम्प आवळताना त्यांचे बोल्ट पूर्ण वळणावर कशाला घासत नाहीत ना हे चाकं दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून बघा, ब्रेकचा होजही ताणला जात नाही ना ते तेव्हाच बघून घ्या. पहिली 100-150 किमी चालवल्यावर एंडचे नट, पॅनहार्डचे बोल्ट, यू-बोल्ट आणि बॉक्सचे बोल्ट टॉर्क रेंचने परत एकदा तपासा.